म्याँव करणारं पाणमांजर

३ फेब्रुवारी
मोठ्या बाई हो म्हणाल्या! वर्गाला स्क्रीनवर जिवंत वाटेल असं पाणमांजर दाखवायला एक तास, एक मोबाइल — पण मिळाला. शाळेमागचं तळं बुजवून गाड्या लावायला जागा करणार आहेत. इंजिनिअर साहेब म्हणे, "डासांशिवाय आहे काय तिथं?" पूर्वी पाणमांजरं होती म्हणतात. मी स्वतः एकही पाहिलेलं नाही, पण निदान पोरांना तरी कळू दे काय घालवतोय ते!

५ फेब्रुवारी
पाणमांजर नणंद बनवून देतेय, कॉम्प्युटरसमोरून हलत नाही. "वहिनी, डोकं नको खाऊस, होतंय!"

७ फेब्रुवारी
फजिती! नणंदेनं छापून दिलेल्या कार्डासमोर मोबाइल धरला आणि स्क्रीनवर, आमच्याच बाकावर, पाणमांजर उभं! मिशा, ओलं अंग, सगळं झकास. वर्ग ओरडला — "आईशप्पथ!" मग त्या प्राण्यानं तोंड उघडलं. म्याँव!

पोरं हसून हसून लोळली. नणंदेला फोन केला तर म्हणते, "मांजरच ना ते? नावातच आहे!" कपाळावर हात मारून घेतला. पाणघोडा करायला नाही सांगितला हे नशीब, खिंकाळला असता.

पण भोंगा हसली नाही. भोंगा म्हणजे वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची पोरगी. म्हणाली, "बाई, चुकलंय. हे शीळ घालतं."
तुला गं काय माहीत?
"आमच्या खिडकीखालीच तळं आहे ना. सकाळी सकाळी सुरू असतं. मी त्याला मुंगूस समजत होते!"
म्हटलं, उद्या सकाळी मी येते तुझ्याबरोबर तळ्यावर.

८ फेब्रुवारी
आहेत!! बांधावर बसून मासा खात होती. मला रडूच फुटलं. भोंगानं माझ्या तोंडावर हात दाबला — "बाई, गप्प बसा ना!" मला! भोंगानं!

११ फेब्रुवारी
तळ्यावर मोबाइलनं काढलेला व्हिडिओ साहेबांना दाखवला. कौतुकानं हसले. "बाई, तुमच्या फोनमधले प्राणी आता माझ्या मुलीलासुद्धा माहीत झालेत. अगदी खरं वाटतं हां!"

खरंच आहे हो ते! किती सांगितलं. परवा भरावाच्या गाड्या येणार म्हणाले. संताप संताप झाला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला मी. घरी नणंद म्हणते, "इतकं खरं वाटलं? म्हणजे मी भारीच!" एक रट्टा द्यावासा वाटला.

मोठ्या बाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन उचलला. "साहेब, उद्या सकाळी तळ्यावर या. नाही, कारण विचारू नका. या."

१२ फेब्रुवारी
मोठ्या बाईंनी सगळ्यांचे मोबाइल काढून आपल्या पिशवीत टाकले, साहेबांचासुद्धा. बसलो गवतात. साहेब कंटाळून जांभया देत होते. तेवढ्यात शीळ! एक डोकं वर आलं, मग दुसरं, आणि मागून दोन पिल्लं!
साहेब ताडकन उठले. "बाई, माझा फोन द्या! लवकर! घरी कुणाला खरं वाटणार नाही!"
मोठ्या बाईंनी पिशवी घट्ट धरली. "आधी भराव रद्द म्हणा."
म्हणाले!