अर्ज क्रमांक चारविषयी मामाचा खुलासा

छत्रपती संभाजीनगर,
११ मार्च

चि. सौ. कालिंदी हिस श्रीधरचे आशीर्वाद.

येथे सर्व ठीक आहे (रक्तदाब वगळता, त्याचे कारण पुढे येईल). तुझा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू दोन फोनांत दोन प्रकारे सांगितलेस. एकदा निश्चित करून कळव. अंबाजोगाईच्या बसने पाठवलेले धपाटे आणि सोबतची चिठ्ठी पोचली. तुझ्या नीरजाचे काम केल्याबद्दल तू चिठ्ठीत माझे आभार मानले आहेस. हे आभार मी परत करीत आहे, कारण ते चुकीच्या गृहीतकावर उभे आहेत. धपाटेही त्याच गृहीतकावर उभे होते, परंतु ते परत करण्याच्या स्थितीत राहिलेले नाहीत.

तुला ठाऊक आहे की या शहराचा संसार वाहनांच्या सुट्या भागांवर चालतो. वाळूजमध्ये एक पाळी बंद झाली की गुलमंडीतल्या कापडवाल्याला ते महिनाभरात कळते. सगळा भार एकाच खांबावर असू नये, या (निर्दोष) विचाराने काही कारखानदारांनी बीजनिधी मंडळ काढले. नव्या तंत्रज्ञानाची कल्पना घेऊन येणाऱ्या स्टार्टअपला पहिले भांडवल द्यायचे, हा हेतू. अध्यक्ष तात्यासाहेब (यांची शेती पैठण रस्त्याला आणि कारखाना वाळूजला), कार्यवाह सांडू, आणि मुलाखती घेणारा तिसरा मी. मला घेतले ते, चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेला मनुष्य कोणाच्याच बाजूचा नसतो या समजुतीने. मी पहिल्याच बैठकीत नियम मांडला: ज्या सदस्याचे अर्जदाराशी नाते असेल त्याने ते जाहीर करावे आणि खोलीबाहेर जावे. नियम टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. इतक्या टाळ्या पडल्या तेव्हाच तो कोणी ऐकलेला नाही, हे माझ्या ध्यानी यायला हवे होते.

नीरजाने मला न विचारता अर्ज केला, हे तिच्या बाजूने नोंदवतो. कारखान्यातली नोकरी सोडून तिने बजाजनगरात पत्र्याच्या शेडमध्ये जी डबी बनवली आहे, ती यंत्राला चिकटवली की यंत्राची थरथर ऐकून कोणते बेअरिंग किती दिवसांत मोडेल ते सांगते. मुलाखतीच्या दिवशी चौथा क्रमांक तिचा होता. मी उभा राहिलो, अर्जदार माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे असे स्पष्ट उच्चारात सांगितले आणि बाहेर गेलो. चाळीस मिनिटे ठरलेली होती. चौथ्या मिनिटाला दार उघडून तात्यासाहेब हसत आले. "सर, एवढं सांगायला भाईर कशाला जायलात? आधी फोन करायचा की. लई संकोची माणूस बगा तुम्ही. झालं भाचीचं काम." मी म्हणालो, नाते सांगितले ते तिला वगळून विचार व्हावा म्हणून नव्हे, मला वगळून व्हावा म्हणून. ते म्हणाले, "तेच की. तुम्हाला बोलायला अवघड जातं म्हणून आम्हीच करून टाकलं." आत नीरजा तडा गेलेले बेअरिंग हातात घेऊन बसलेली होती आणि सांडू तिला "बस बाळ, चहा घे" म्हणत होते. डबीची पेटी उघडलेलीही नव्हती.

पुढचे वाचताना शक्य असल्यास बसून घे. ही वार्ता बाहेर थांबलेल्या अर्जदारांपर्यंत पोचली. क्रमांक पाचने आत येताच तात्यासाहेबांच्या सासुरवाडीचे नाव घेतले. तात्यासाहेब नियमानुसार बाहेर गेले. क्रमांक सहा सांडूंच्या साडूचा पुतण्या निघाला; सांडूही बाहेर गेले, आणि दोघे तेथे चहाला बसले ते परतलेच नाहीत. अशा रीतीने, दूर सारण्यासाठी केलेल्या नियमाने सर्वजण आत आले आणि मंडळ बाहेर गेले. क्रमांक सातच्या वेळी खोलीत मी एकटा होतो. त्या बिचाऱ्याला माझ्याशी कोणतेही नाते जोडता आले नाही. म्हणून क्रमांक चारपासून पुढे त्याचीच एकट्याची तपासणी झाली आणि तो नापास झाला.

नीरजा तेव्हापासून माझ्याशी मोजके बोलते. "मामा, तीन महिने तयारी केली मी. आता बजाजनगरात चहावालासुद्धा म्हणतो, मामानं मिळवून दिलं." मी म्हटले, मी काहीच दिले नाही, मी तर बाहेर होतो. ती म्हणाली, "हो ना. बाहेर जाऊनच दिलंत."

या युक्तिवादात मला दोष सापडला नाही, म्हणून मी उपाय केला. तिच्या निवडीविरुद्ध नऊ पानांचे भिन्नमतपत्र लिहिले, सात आक्षेपांसह. तात्यासाहेबांचा रात्रीच फोन आला: "सर, सख्ख्या भाचीबद्दल माणूस इतकं कडक लिहितो म्हणजे पोरगी पक्की असणार. मला आधी जरा शंका होती, आता नाय." निवड अशा तऱ्हेने दुसऱ्यांदा कायम झाली.

आता स्थिती अशी. कोणीतरी डबी पाहून, प्रश्न विचारून निवड करेपर्यंत नीरजा करारावर सही करणार नाही. एकतीस तारखेपर्यंत सही झाली नाही तर निधी दुसऱ्याला जाईल, शेड सोडावी लागेल, आणि तिच्या भरवशावर नोकऱ्या सोडून आलेल्या अमृता व संस्कृती या दोन मुली पुन्हा पाळीच्या बसमध्ये बसतील. मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला; परंतु ती बरोबर आहे, त्यामुळे समजावण्यास आधार राहिला नाही. तेव्हा मी काहीही केलेले नाही, करू शकत नाही आणि करणार नाही, एवढे स्पष्ट करण्यासाठीच हे पत्र. घरी सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुझा,
श्रीधर

ता. क. फेरमुलाखतीला तात्यासाहेब तयार नाहीत. "एकदा दिलेला शब्द परत तपासायचा म्हणजे माझी काय इज्जत राहिली?" असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पत्नी केसरबाई यांचे माहेर अंबाजोगाईचे असून शाळेत त्या तुझ्या बाकावर बसत, असे तूच एकदा म्हणाली होतीस. त्यांच्या कानावर घाल की यजमानांनी नीरजाचे चाळीस मिनिटे कसून, कोणतेही नाते मनात न आणता ऐकावे. बोलताना बाकाची ओळख काढू नकोस. (ओळख काढल्याशिवाय त्या कशाला ऐकतील, हा प्रश्न उरतो; तेव्हा काढ.)

दुसरे ता. क. रविवारी मी शेडवर गेलो होतो. शेजारच्या वर्कशॉपमधल्या प्रेसचे डावे बेअरिंग चार दिवसांत जाईल असे डबीने सांगितले होते. ते आज गेले. माझे सातही आक्षेप त्याबरोबर गेले आहेत. मुलाखत मात्र कडक व्हायला हवी, आणि सांडूंना प्रश्न लिहून मीच द्यायचे आहेत, म्हणून नवे सात शोधतो आहे. तीन सापडले. नीरजाला यातले काही सांगू नकोस. तिची तयारी सैल पडेल.