बिनडागाचं काम

दिनांक १० ऑगस्ट, सोमवार

प्रिय दादा,

“हिच्या हाताला धीर नाही. हिला परत कामाच्या पाटावर बसू द्यायचं नाही.” आप्पांचं हे वाक्य तुला आठवतं का? मला आठवतं. काल दिवसभर तर ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसलं होतं.

नमस्कार. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण तसं काही असतं तर वहिनीने फोन केला असता. आम्हीही मजेत. यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा हे जास्त कुरकुरतात. लेकीची परीक्षा संपली.

आता बातमी. काल आणि परवा इथे हस्तकलेचं प्रदर्शन होतं. मी एक्केचाळीस पेंडंटं नेली होती. काल दुपारी तीनपर्यंत एकही उरलं नाही! आयोजक बाई येऊन म्हणाल्या, “ताई, टेबल रिकामंच आहे, दुसऱ्या कुणाला देऊ का?” मी म्हटलं, “नाही, संध्याकाळपर्यंत माझं आहे.” आणि रिकाम्या टेबलामागे चांगली ताठ बसून राहिले. येणारे विचारायचे, “इथे काय होतं?” मी म्हणायचे, “होतं ते संपलं.” दादा, हे उत्तर द्यायला इतकं गोड लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मी काय करते ते तुला नीट कधी सांगितलंच नाही. तूही विचारलं नाहीस. जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरते, म्हणजे खडे घरंगळत नाहीत. दोन पकडी, एक कातर, तांब्याची नाहीतर चांदीची तार. खड्याला भोक पाडायचं नाही, गोंद लावायचा नाही, आपल्यासारखा तापवून सांध्याला डाग द्यायचा नाही. तारेनेच त्याला धरायचं. तार सैल पडली तर खडा निसटतो, जास्त ओढली तर तीच तुटते. मधलं काय ते बोटांना कळावं लागतं. हे म्हणतात, “या घरात अनवाणी फिरायची सोय राहिली नाही, पायात तुझे दागिने घुसतात.” लेक म्हणते, “आई, तू माझी वेणी एवढ्या निगुतीने कधी घातली नाहीस.” खरं आहे तिचं.

सुरुवातीला मात्र एक चूक केली. ती सोनाराच्या घरात वाढलेलं माणूसच करू जाणे. वेढे चांगले बसले होते, पण डाग नाही म्हणजे काम कच्चं, हे आपल्या हाडात मुरलेलं. बाकीच्या बायका तारेचं टोक आत वळवून मोकळ्या होतात. मी मात्र छोटी शेगडी आणली, खडा तापू नये म्हणून त्याच्याभोवती ओला कापूस गुंडाळला आणि टोकाला डाग द्यायला गेले. ‘टच्’ असा आवाज झाला. खड्यात आरपार भेग.

मी शेगडी विझवली. हे आतून धावत आले, “भाजलं का?” मी नाही म्हटलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. एकोणतीस वर्षांपूर्वी मी तो मोरीतून ऐकला होता.

मी पाणी भरत होते, दादा. पाटावर तू होतास. गिऱ्हाइकाची हिरव्या खड्याची अंगठी, खडा काढायचा कंटाळा, ओला कापूस आणि तुझी फुंकणी. मी धावत आले, चिमट्याने अंगठी उचलली, आणि तेवढ्यात आप्पा दारात. चिमटा माझ्या हातात होता, म्हणून ते वाक्य माझ्या वाट्याला आलं. तू खाली बघत होतास. पुढच्या महिन्यापासून तुला स्वतंत्र काम मिळणार होतं, हे मला माहीत होतं. मी गप्प राहिले. तू बोलशील, आज नाहीतर उद्या, असं वाटलं होतं.

हे लिहायचं नव्हतं. नुसती प्रदर्शनाची बातमी देणार होते. पण परवा एक मुख्याध्यापिकाबाई भेटल्या. गेल्या वर्षी त्यांनी माझ्याकडून राखाडी खड्याचं पेंडंट घेतलं होतं. त्याची कडी सैल झाली म्हणून, तिकडे तुमच्या गावात आपल्या बहिणीकडे आल्या असताना, त्या जवळच्या सोनाराच्या दुकानात गेल्या. खुणा सांगू लागल्या तशी मी ओळखलं: आपलंच दुकान. त्या म्हणाल्या, “तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी भिंग लावून किती वेळ बघितलं! म्हणाले, ‘डाग कुठेच नाही. केलंय कुणी?’ मी सांगितलं, एका बाईंनी, घरी. तर म्हणाले, ‘हात फार शांत आहे हो बाईचा.’ मग मुलाला हाक मारली, ‘इकडे ये, बघ जरा, शिक काहीतरी.’”

“आणि मुलगा?” मी विचारलं.

“त्यांनी मागची बाजू बघितली. बराच वेळ. मग काही न बोलता कडी घट्ट करून दिली.”

मागच्या बाजूला तारेचं टोक मी तीन वेढ्यांच्या गोगलगाईत लपवते. लहानपणी दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांच्या मी तशाच गोगलगाई करायचे आणि तू त्या खिशात घालून शाळेत न्यायचास. तू ओळखलंस. ओळखूनही बोलला नाहीस.

मी रागावलेले नाही. काल रिकाम्या टेबलाशी बसून राग शोधून पाहिला, सापडला नाही. जिंकलेल्या माणसाला राग धरायला फुरसत नसते बहुधा. आप्पांनी मला शाबासकी दिली, तीही मी कोण हे माहीत नसताना. म्हणजे त्यात माया नाही, लेकीची भीड नाही, निव्वळ कामाची पावती. याहून मोठं मला कुणी काय देणार?

तरी एक मागते. त्या अंगठीचं आप्पांना तू सांग. मी सांगितलं तर ती तक्रार होईल, आणि या वयात त्यांना माझी तक्रार ऐकवायची नाही. तू सांगितलंस तर ते दिवसभर तुझ्याशी बोलणार नाहीत, आणि मग बोलतील. तू हे करणार नाहीस, मला माहीत आहे. पत्र घडी घालून ठेवशील आणि वहिनीला म्हणशील, “बरी आहे ती, प्रदर्शन चांगलं झालं म्हणते.” तरीही मागते, कारण एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे हे कधी मागितलंच नव्हतं.

सांगशील?

तुझ्यासाठी एकदाच गप्प राहिलेली,
तुझी धाकटी