दुसरा ब्रेक

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. नोंद करण्यासारखं काही आयुष्यात प्रथमच घडलंय. स्पोर्ट्स कार घेतली! लाल. दोन सीट. 'सेकंडहँड' हा शब्द घरात काढायचा नाही, असं बायकोला बजावलं.

दातांच्या डॉक्टरांची गाडी. ते माझेच जुने विद्यार्थी. नव्या गाडीच्या पाव किमतीत दिली. चावी देताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा जीव होता बिचाऱ्यांचा! इतकी वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. गाडीच्या बाबतीत मला कोण फसवणार?

सवयीने बाजूच्या सीटवर जाऊन बसलो. मग उतरून पलीकडे गेलो. कोणी पाहिलं नाही.

९ जानेवारी
बायकोला फेरी मारून आणली. गाडीचं पोट स्पीडब्रेकरला घासतं, म्हणून प्रत्येक वेळी तिला उतरवावं लागलं. अर्धी फेरी ती चालतच होती. घरी आल्यावर तिची जुनी टकळी सुरू: मलाही गाडी शिकवा. म्हटलं, तुझं लक्ष नसतं, हे तुझं काम नाही. लगेच गप्प झाली. समजूतदार आहे.

२ फेब्रुवारी
डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय. मेकॅनिक म्हणाला, पार्ट बाहेरून मागवावा लागेल. किंमत ऐकून मी त्याच्याच स्टुलावर बसलो. दारी हत्ती झुलवायचा तर चारा लागणारच. तूर्त दिव्यावर स्टिकर चिकटवला. दिवा गेला.

२१ फेब्रुवारी
स्टिकरच्या शेजारी लाल दिवा. मोठा स्टिकर आणला पाहिजे.

टायर बदलले. पुढचे वेगळ्या मापाचे, मागचे वेगळ्या. चार टायरच्या पैशांत स्कूलची अख्खी गाडी दोनदा रंगवून झाली असती. बायकोला सांगितलं, हवा भरून आणली.

ती हल्ली रोज सकाळी शिवणक्लासला जाते. अजून एक रुमालही शिवलेला दिसला नाही. लक्ष नसतं, दुसरं काय!

१६ मार्च
गिअरबॉक्स. जास्त लिहवत नाही.

मास्टरप्लॅन केला. स्कूलची जुनी गाडी विकायची, त्यात लाल गाडी दुरुस्त करायची आणि स्पोर्ट्स कारमध्येच शिकवायचं. फी तिप्पट! मेहुण्याने गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाईक समोर आलं नाही, पण पैसे रोख आले. विक्रीच्या कोऱ्या फॉर्मवर सही केली. कोऱ्या कागदावर सही करू नका, असं विद्यार्थ्यांना मीच सांगतो. पण मेहुणा घरचाच. बायको रडेल असं वाटलं होतं. तिने पेन आणून दिलं.

३ एप्रिल
नव्या गाडीत पहिली शिकवणी. बँकेतल्या बाईंना माझं नेहमीचं वाक्य ऐकवलं: घाबरायचं नाही, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे. बाईंनी धीर धरून ॲक्सिलरेटर दाबला. मी ब्रेक दाबला. पायाखाली नुसतं मॅट होतं; दुसरा ब्रेक विकलेल्या गाडीबरोबर गेला होता. शेजाऱ्यांची भिंत जुनीच होती म्हणा. बाई फी परत घेऊन गेल्या. चौकातल्या दुसऱ्या स्कूलमध्ये जाणार आहेत म्हणे.

१९ एप्रिल
डॉक्टरांना जाब विचारायला गेलो. नर्स म्हणाली, डॉक्टर बाहेरगावी आहेत. आतून ड्रिलचा आवाज येत होता. मी अडखळत पार्किंग करणारा विद्यार्थी हाताला धरून तयार केला, त्याने हे पांग फेडले! ते अश्रू दुःखाचे नव्हतेच, सुटका झाली म्हणून होते. केसाने गळा कापला.

७ मे
चौकात सिग्नलला गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. मेकॅनिक म्हणाला, आधीचं बिल भरा, मग बोलू. शेवटी मेहुण्याला फोन केला. मेहुणा आला नाही. आली ती स्कूलची माझी जुनी गाडी. चालवत होती माझी बायको.

शिवणक्लास चौकातल्या त्या दुसऱ्या स्कूलमध्ये होता. विक्रीच्या त्या कोऱ्या फॉर्मवर नाव तिचं. तिने स्वतःची ठेव मोडली, आणि मेहुण्याने सगळं पोटात ठेवलं. घरातल्यांनीच मला असं अंधारात ठेवलं! मी तिला तोंडावर विश्वासघातकी म्हटलं. ती म्हणाली, लोक बघताहेत, दोर बांधा.

बांधला. ओढून नेताना मागच्या गाडीचं स्टिअरिंग कोणीतरी धरावं लागतं. मी बसलो, या वेळी बरोबर सीटवर. ती खिडकीशी येऊन म्हणाली, घाबरायचं नाही, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे. आणि उद्यापासून स्कूल ती चालवणार; सकाळी सातची बॅच, वेळेवर या.

मग निघालो. गिअर सफाईने टाकत होती, आरशात बघत होती. मी तिला कधीच शिकवलं नाही, हे मला त्या रस्त्यावर फार लागलं. लाल गाडी प्रथमच न थांबता घरापर्यंत आली. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर मीच चिकटवलेली पाटी वाटभर समोर होती: शिकाऊ चालक, अंतर ठेवा. दोर आखूड होता.