सुगडाच्या आत

३ जानेवारी, शुक्रवार

चाळीस खापऱ्या पूर्ण! ग्रीसमधल्या कुठल्याशा खोदकामातल्या, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. आणि मी इथे वर्तकनगरच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत त्यांचे फोटो मोठे करून बघतेय. रसिकाने, माझ्या लेकीने, मी निवृत्त झाल्यावर हौशी लोकांकडून खापऱ्या तपासून घेणाऱ्या या वेबसाइटवर माझं नाव घातलं. "आई, तू कुंभाराची मुलगी, तुला जमेल." जमतंय की! फोटो बघायचा, फॉर्म भरायचा. हाताने घडवलंय की चाकावर? भाजणी पक्की की कच्ची? घडवणारा पुरुष, स्त्री, की सांगता येत नाही? इंग्रजी अडलं की रसिका आहेच.

४ जानेवारी

सत्तर. व्यसन लागलंय मला.

६ जानेवारी, सोमवार

नाक कापलं गेलं! लॉराने सगळे फॉर्म परत पाठवले. लॉरा म्हणजे आमच्या गटाची प्रमुख. पोरगी माजिवड्याची, सध्या अथेन्सला शिकते. फोनच आला तिचा.

"नीला आंटी, सत्तरच्या सत्तर पुरुष लिहिलंय तुम्ही. कशावरून?"

"अगं, चाकावरची आहेत ना ती!"

"मग?"

मग काय! चाकावर बाई बसते का कधी? माझ्या माहेरी, विठ्ठलवाडीला, माती तुडवायची बाईने, चाळायची बाईने, रंग द्यायचा, टोपली घेऊन बाजारात बसायचं, सगळं बाईने. फक्त चाकाला हात लावायचा नाही. लागला तर भट्टी फुटते. नऊ वर्षांची होते मी, गुपचूप चाक फिरवायला गेले, तर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, चाक फिरवायची काठी माझ्या पाठीतच घातली. हे सगळं लॉराला सांगितलं.  ती म्हणाली, "आंटी, हे तुमच्या विठ्ठलवाडीचं झालं. ग्रीसचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली. विचारलंच नव्हतं मी. सरळ टिचक्या मारत सुटले.

८ जानेवारी

लॉराने एका संग्रहालयाच्या साइटवरचा घडा बघायला पाठवला. त्यावर भांडी रंगवण्याच्या कारखान्याचंच चित्र आहे. पुरुष कारागिरांच्या डोक्यावर देवता मुकुट ठेवतायत. आणि अगदी कडेला एक बाई, मोठ्या भांड्याच्या कानावर रंगकाम करतेय. तिला मुकुट नाही! मी मोठ्याने म्हणाले, "ही आमची आईच की!" आई जाऊन आठ वर्षं झाली. तीही अशीच कडेला बसायची.

सोबत एक व्याख्यानही होतं. त्यातलं एवढं लिहून ठेवते — भांडं बाहेरून गुळगुळीत करतात, आत कोणी आवरत बसत नाही. म्हणून आत बघा.

१० जानेवारी

धाकट्या भावाचा, उत्तमचा फोन. अण्णांचं चाक घोडबंदर रोडच्या एका हॉटेलला द्यायचं ठरवलंय म्हणे, शोभेला. वर दिवे लावणार! बुधवारी, बावीसला टेम्पो येईल. "अण्णा आता चौऱ्याऐंशीचे. बसतंय कोण त्याच्यावर, ताई?"

मी! मी बसते! तोंडात आलेलं गिळलं. छप्पन्न वर्षांची झाले तरी ती काठी आठवते. पण इथे लिहिते — मला ते चाक हवंय. शोभेला नको. बसायला हवंय.

१४ जानेवारी, संक्रांत



बटणांच्या सुगडातली बटणं काढली. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आईने दिलेलं हे सुगड, 'अण्णांनी केलंय' म्हणून. एकतीस वर्षं त्यात बटणं ठेवली, आत कधी बघितलं नाही. आज ते व्याख्यान आठवलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला.

तळापासून वर बोटाच्या फिरत गेलेल्या वळ्या. आणि प्रत्येक वळीत मधोमध एक बारीक उंच रेघ, दोऱ्यासारखी. बोटाला खाच असेल तरच अशी रेघ उठते. अण्णांच्या बोटांना खाच नाही. आईच्या तर्जनीला होती, विळीने पडलेली, खोल.

आणि चाकावरून काढल्यावर एवढ्याशा तोंडातून आत बोट घालून कोणी वळ्या काढत नाही. म्हणजे चाकावर आईच बसली होती!

लॉराला फोटो पाठवला. तिचा निरोप: "आंटी! पण एकाच पुराव्यावर थांबू नका. तुमच्या मम्मीने नक्की केलेलं दुसरं काहीतरी शोधा."

१९ जानेवारी, रविवार

विठ्ठलवाडी. परसात आईने थापलेली चूल अजून आहे. चुलीला बायकाच हात लावतात, त्यामुळे ती नक्की तिचीच. काजळी पुसली. बोटाच्या फराट्यात तीच रेघ!

सुगड अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "हे कोणी केलं, अण्णा?"

त्यांनी आत बोट घातलं, तळाशी फिरवलं. बराच वेळ. मग सुगड बाजूला सारलं. "सणासुदीच्या वस्तू उकरत बसू नये. बुधवारी टेम्पो येतोय. बाहेरच्या खोलीतलं सामान हलवायला उत्तमला सांग."

एवढंच. परत येताना रडू आलं, रागाचं. पण ते 'मी केलं' असंही म्हणाले नाहीत. ते न बोललेलं वाक्य कितीदा तरी मनात घोळवतेय.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळीच अण्णांचा फोन. स्वतः लावलेला. म्हणाले, "तुझं लग्न झालं त्या साली माझा हात मोडलेला. चार महिने दार लावून तुझी आईच बसली चाकावर. मी लोकांना माझं म्हणून सांगितलं." मग हळूच, "नीले, भट्टी एकदाही फुटली नाही गं."

आणि म्हणाले, "टेम्पो परत पाठवलाय. माती भिजवून ठेवलीय. बांगड्या काढून ये."