माझ्या सहीचा अर्ज

इंद्रपुरी, भोपाळ
१२ ऑक्टोबर

प्रिय वैजयंती,

वैजू न लिहिता पूर्ण नाव लिहिलं म्हणून दचकू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं, हा आपला चाळीस वर्षांचा रिवाज. तुझ्या पुण्याच्या पत्त्यावर तुझ्या नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे, म्हणजे सुनेच्या हाती न पडता तुझ्याच हाती पडेल. निवांत बसून वाच. मध्येच टाकून उठू नकोस.

जानेवारीत मी आपल्या शिक्षण खात्यात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला, हे तुला सांगितलंच होतं. कशासाठी, तेही सांगितलं होतं. गौरीच्या बँकेत यंदा बढतीच्या मुलाखती होणार होत्या आणि ही पोरगी मुलाखतीआधीच म्हणायला लागली, मिळाली तरी घेणार नाही, जबलपूर नाहीतर सागरला फेकतील, मग जुईची शाळा कोण बघणार. मी म्हटलं, अगं, मी आहे ना, मी येते तुझ्याबरोबर. तर मला म्हणते कशी, आई, तू मला शिकवू नकोस, तूही अठ्ठ्याण्णव साली नको म्हणून लिहूनच दिलं होतंस, काय बिघडलं तुझं? आमच्या घरात ही गोष्ट अगदी पक्की आहे बघ. मी अकरावी-बारावीची व्याख्याता होणार होते, ऐन वेळी घाबरले आणि आपल्या हातानं नकार लिहून आले. विनायक, माझा स्वतःचा नवरा, एकवीस वर्षं हेच मानत राहिले आणि तसंच मानत गेले. दवाखान्यातसुद्धा एकदा म्हणाले, तू जरा धीर केला असतास तर प्रिन्सिपॉल म्हणून रिटायर झाली असतीस. मी किती वेळा शपथा घेतल्या, गणपतीवर हात ठेवून सांगितलं की मी असला कागद दिला नाही. ते नुसते हसायचे. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, आणि आता तो काढायला माणूस नाही.

म्हणून म्हटलं, सरळ फाइलच बघू. असला नकार तिथे असणारच नाही, मग गौरीपुढे तो कोरा पुरावा आपटते आणि विचारते, बोल आता! तेव्हा तू फोनवर म्हणाली होतीस, जुनं उकरून काय मिळणार मंदे, बीपी वाढवून घेशील. काय तुझी काळजी माझ्या बीपीची!

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, मला आठ लागले. या लोकांचं काय सांगू तुला. पहिलं उत्तर बरोबर तिसाव्या दिवशी आलं. लिहिलं होतं की मागितलेली माहिती तिसऱ्या व्यक्तीची खाजगी माहिती असल्यानं देता येत नाही. अगं, माझी फाइल, माझं नाव, मीच मागते आहे, आणि मी म्हणे तिसरी व्यक्ती! पहिल्या दोन कोण ते मात्र मेल्यांनी लिहिलं नव्हतं. मी अपील केलं. अपिलाचे साहेब म्हणजे आपल्याच खात्यातला, आपल्याच शाळेत दहावीला दोनदा आपटलेला मुलगा, मी त्याला भूगोल शिकवला आहे. त्यानं मला ओळखलं, पाया पडला, चहा मागवला, आणि म्हणाला, मॅडम, रेकॉर्ड रूम में पानी भर गया था, शायद ही कुछ बचा हो. मी म्हटलं, बेटा, शायद लिखकर दे दो. तर लगेच चहाचा कप खाली ठेवला. या लोकांना विष द्या, पितील, पण लिहून द्या म्हणा, हात लुळा पडतो. मी राज्य आयोगाकडे जाते म्हटल्यावर मात्र पंधरा दिवसांत ते सगळं पाणी आपोआप ओसरलं आणि पत्र आलं की कार्यालयात येऊन नस्तीचं अवलोकन करावं. घर ते शाहपुऱ्याचं ते ऑफिस अशा मी किती चकरा मारल्या असतील, मोजल्या नाहीत. आता त्या बसचा कंडक्टरसुद्धा मला आंटी, आज हुआ काम? असं विचारतो.

सप्टेंबरच्या शेवटी गेले. एक बाई भेटली, वय असेल तिशीचं, टेबलावर नेलपॉलिशची बाटली उघडी. नखं वाळेपर्यंत तिला फाइलला हात लावता येत नव्हता, म्हणून मी वीस मिनिटं उभी. बस म्हणण्याचीसुद्धा रीत नाही. आपण पोरांना उभं राहायला शिकवत आलो, त्याचं हे फळ. मग तिनं ती फाइल माझ्यापुढे अशी टाकली, जशी आपण मोलकरणीपुढे फडकं टाकतो.

आणि वैजयंती, त्यात माझा अर्ज होता.

माझ्या सहीचा. व्याख्याता पदाची पदोन्नती मी स्वखुशीनं नाकारते आहे, पतीची संमती नाही, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, तरी सूचीतल्या पुढच्या नावाचा विचार व्हावा. खाली माझी सही. खोटी नाही, मी उजेडात धरून, चष्मा लावून, काढून पाहिली. माझीच सही. मी फाइल घेऊन तिथेच फरशीवर बसले. मला वाटलं, विनायक खरंच बोलत होते की काय? मीच विसरले की काय? म्हातारपणी डोकं फिरलं का माझं? त्या नेलपॉलिशवालीनं पहिल्यांदाच माणसासारखं वागून पाणी दिलं.

पाणी पिता पिता मी सहीच्या वरचं अक्षर बघितलं. ते काय मला ओळखायला लागतं का गं? वीस वर्षं एका टेबलावर बसून पेपर तपासले आपण. ओळ सगळी लिहून झाल्यावर वरची रेघ एका दमात ओढायची, पट्टीनं ओढल्यासारखी, हे सगळ्या शाळेत एकच माणूस करायचं. आणि मग मला ते सह्या केलेले कोरे कागद आठवले. तुलाही आता आठवले असतील. आपण सगळ्याच जणी ठेवायचो एकमेकींकडे. घरी फोन नव्हते, सकाळी पोराला ताप आला तर शाळेला कळवणार कोण, म्हणून कागदाच्या तळाशी सही करून मैत्रिणीकडे देऊन ठेवायची. ती तारीख टाकून रजेचा अर्ज लिहायची आणि प्रार्थनेच्या आत हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायची. माझे तुझ्याकडे असायचे, तुझे माझ्याकडे. तुझ्या कागदावर मी दोन दिवसांच्या ऐवजी तीन दिवस लिहायलासुद्धा घाबरायची, की परत येऊन तू रागावशील.

सासूबाईंचं मी कुणाला सांगितलं होतं? फक्त तुला. आणि पतीची संमती नाही! विनायकांची? ज्या माणसानं बढतीची यादी लागली त्या दिवशी गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात आपल्या सगळ्या खात्याला पेढे वाटले, त्याची संमती नाही? बाई, खोटं लिहायचं तर निदान माझ्या नवऱ्याला तरी सोडायचं होतंस.

सूचीतलं पुढचं नाव कुणाचं होतं, हे मी तुला सांगायला नको. मला आठवतं ते असं, की तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओक्साबोक्शी रडली होतीस, तुझ्याऐवजी मला मिळते आहे मंदे, मी घेऊ की नको? आणि मी शहाणी काय म्हणाले? घे गं, परक्यापेक्षा तू बरी. तुझ्यासाठी शिरा केला मी, केशर घालून! त्याआधी मी जाब विचारायला ऑफिसात गेले तेव्हा तू बरोबर आली होतीस. आस्थापनेचे कटारे बाबू मान वर न करता म्हणाले, मॅडम, आपने खुद लिखकर दिया है. मी कागद दाखवा म्हटलं, तर गोपनीय. तू मला दंडाला धरून बाहेर आणलंस, म्हणालीस, चल, या बाबू लोकांच्या तोंडी काय लागतेस, खाल्ले असतील पैसे. बाहेर उसाचा रस पाजलास. याला आपल्यात केसानं गळा कापणं म्हणतात. आणि मी कापून घेतला, वर रस छान आहे म्हटलं. तुझ्याबद्दल वाटते तेवढीच घृणा मला तो रस पिणाऱ्या मूर्ख बाईबद्दल वाटते.

त्या कटारेंना मी काय काय बोलले आहे! चोर म्हटलं, भर स्टाफरूममध्ये. त्यांच्या निरोपसमारंभाला गेले नाही. ते वारले तेव्हा मी म्हटलं होतं, चला, एक लाचखाऊ कमी झाला. आता ऐक. त्या अर्जाच्या मागच्याच पानावर त्यांची टीप आहे, बारीक निळ्या अक्षरात, की अर्जाचं हस्ताक्षर आणि सही भिन्न वाटतात, संबंधित शिक्षिकेला बोलावून विचारून घेणं उचित होईल. अख्ख्या खात्यात एका माणसाच्या मनात आलं की मला विचारावं. एकाच्या. आणि त्याखाली साहेबांची एका शब्दाची लाल शाई, अनावश्यक. मला विचारणं अनावश्यक! त्या लाल शाईवाल्यावर तर थुंकायचीही इच्छा होत नाही. पण कटारेंचं घर मी शोधून काढलं, त्यांच्या बायकोला भेटले आणि माफी मागितली. तिला काही कळलं नाही, तिनं मला लाडू दिले. घरी येईपर्यंत बसमध्ये रडत होते.

तू नंतर प्रिन्सिपॉल झालीस, चांगली झालीस, शाळा नीट चालवलीस, ते मी नाकारत नाही. दर दिवाळीला मला साडी, गौरीच्या लग्नात दोन महिने राबलीस, विनायकांच्या आजारपणात डबे. मी सगळ्यांना सांगत फिरायची, सख्खी बहीण करणार नाही एवढं वैजू करते. आता त्या साड्या कपाटात बघवत नाहीत. माझ्या निरोपाच्या दिवशी माइकवर म्हणालीस, मंदाकिनीसारखी शिक्षिका झाली नाही, तिनं पदाचा मोह कधीच धरला नाही. टाळ्या पडल्या. मी पदरानं डोळे पुसले. केवढा निर्लज्जपणा गं हा! मोह धरला नाही? मला हवं होतं ते पद, वैजयंती. मला फार हवं होतं.

तुलाही हवं होतं, कबूल. तुझ्या घरची तेव्हाची परिस्थिती मला ठाऊक आहे, तू सांगू नकोस. भांडून घेतलं असतंस तर मी समजून घेतलं असतं. मागितलं असतंस तर, देव जाणे, माझ्यासारख्या गाढवीनं दिलंही असतं.

आता हे पत्र कशाला लिहिलं ते. माफीसाठी नाही, तुझी माफी तुझ्यापाशीच ठेव. मी तो अर्ज गौरीला दाखवला, सगळं सांगितलं. तिनं दोनदा वाचला. म्हणाली, आई, सही तुझीच आहे ना? मी हो म्हटलं. मग घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, अगं, मावशीकडून लिहवून घेतलं असशील आणि विसरली असशील, जाऊ दे ना, इतकी वर्षं झाली. वर माझ्या पाठीवरून हात फिरवला, वेड्या माणसाच्या फिरवतात तसा. गेल्या आठवड्यात तिचं नाव यादीत लागलं, पोस्टिंग जबलपूर. नकाराचा अर्ज तिनं लिहून ठेवला आहे, तिच्या टेबलावर मी स्वतः पाहिला. बढती सोडलेल्या आईचं सुखानं चाललं, मग माझंही चालेल, असं ती नवऱ्याला सांगत होती. माझं सुखानं चाललेलं नाही, हे तिला माझ्या तोंडून पटत नाही. आठ महिने खेटे घालून मी सरकारकडून कागद काढला, तर तोही तुझ्याच बाजूनं बोलतो. खरं काय ते सांगणारं माणूस आता एकच उरलं आहे, आणि नाइलाज म्हणून मी तुझ्या दारात उभी आहे. गौरीला एकतीस तारखेपर्यंत कळवायचं आहे. तिचा नंबर तुझ्याकडे आहे. तिला फोन कर. मला करू नकोस.

एके काळी तुझीच,
मंदाकिनी