लॉजच्या इतिहासात आबा

१५ मार्च, रविवार. राजकोट.

डोकं ठिकाणावर नाही. कोल्हापुरात आबा ज्या थिऑसॉफिकल लॉजचे, म्हणजे सगळे धर्म एक मानणाऱ्या मंडळाच्या शाखेचे, शिपाई आहेत, त्याचा इतिहास लिहायला कोण एक साहेब आलाय. आणि त्यानं पहिला फोटो काढला तो हॉल सोडून मागच्या आमच्या खोलीचा. का?

आबा फोनवर खूश. "माणूस लई चांगला हाय. च्या पिऊन गेला. कवापासनं ऱ्हाताय, इचारत हुता."

इतिहासाला आमची खोली कशाला पाहिजे? जागा मोक्याची, सभेला येणारे चार म्हातारे. आज फोटो, उद्या खोली रिकामी करा म्हणतील. मग आबा कुठं जाणार? इथं आमचीच दाटी.

मी म्हटलं, "त्याला आता काही सांगू नका."

"सांगून झालं की. सभेआधी सगळ्या धर्माच्या प्रार्थना हुत्यात. बुद्धाची आधी कांबळे सर म्हणायचे, त्ये गेल्यापासनं मीच म्हणतो. त्यो म्हणला, कुठं बसून? म्हटलं, दारात हुबा ऱ्हाऊन. त्यो म्हणला, आत का न्हाय?"

"मग?"

"मग काय. त्येला आनखी च्या वतला."

सगळी माणसं भाऊ म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्यांनी हे एकदाही विचारलं नसेल. साहेब सरळही असेल, पण हे छापलं तर तेच म्हातारे चिडून खोली काढून घेतील.

"आबा, त्याला सांगा, आत बसूनच म्हणतो."

आबा हसले. "लेका, मग त्येला इतिहास कशाला म्हणायचा?"