आई बडोद्याला असते

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. त्यानंतर मी जर्मनीला गेलो, तिकडचाच झालो, हे तुला माहीत असायचं काही कारण नाही. आता कंपनीनेच मला इथे वाघोडियाच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी पाठवलंय, परदेशी तज्ज्ञ म्हणून! हसू नकोस. राहायला बडोद्यातच, समा भागात फ्लॅट दिलाय. समोर कोरियन इंजिनियर आणि त्याची बायको, वर केरळची नर्स, तळमजल्यावर एक म्हाताऱ्या गुजराती बा, त्या मला 'फॉरेनवाळा भाई' म्हणतात. संध्याकाळी खाली पोरं कुठल्या भाषेत भांडतात, त्यांचं त्यांना ठाऊक. तुला इथे पहिल्या दिवसापासून करमलं असतं.

प्रतापनगरच्या आपल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये तरी दुसरं काय होतं? बाबा सायकलवरून वर्कशॉपला निघाले की तू दारात उभी राहून शेजारणीशी गुजरातीत हसायचीस आणि त्याच दमात मला मराठीत झापायचीस. एकदा पलीकडच्या बंगाली घरातल्या माशांच्या वासाला मी जेवताना नाक मुरडलं. तू पोळी लाटतेयस, लाटणं तसंच हातात. ''नाक मुरडायचंय ना, त्यांच्या दारात जाऊन मुरड. माझ्या स्वयंपाकघरात ही थेरं चालायची नाहीत,'' म्हणतेस आणि गरम पोळी ताटात टाकतेस. रागावतानाही तुझी पोळी करपायची नाही. आज त्या रागावण्यासाठीसुद्धा जीव तुटतो गं.

गेल्या महिन्यात सोसायटीची मीटिंग होती. समोरची कोरियन बाई कोबीचं आंबवलेलं लोणचं घालते, त्याच्या वासाची तक्रार. ती नव्हती, म्हणून सगळ्यांना तोंड फुटलेलं. मी उठलो आणि तुझंच वाक्य गुजरातीत सुनावलं. बा खुदकन हसल्या.

''आवुं बोलतां कोणे शिखव्युं, भाई?''

''मम्मीए.''

''क्यां छे मम्मी?''

''बरोडामां,'' माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

जर्मनीत मी हेच सांगायचो. शेजारी, ऑफिसातले, कुणीही विचारलं तरी आई बडोद्याला असते. खोटं बोलतोय असं कधी वाटलंच नाही. थंडीत कामावरून परतताना मनात यायचं, आता तू झाकपाक करून आडवी झाली असशील, आणि बरं वाटायचं. तू लांब होतीस, एवढंच.

पण बा म्हणाल्या, ''लो, अहीं ज छे? तो कोक दि जमवा लई आवो ने!'' तुला जेवायला घेऊन यायला सांगितलंय त्यांनी. मी हो म्हणून बसलोय. आता जिन्यात भेटल्या की रोज विचारतात, आणि मी रोज पुढचा रविवार सांगतो.

तेच गाव आहे, तीच बोली, आमटीत तोच गूळ, आणि कुठल्याही रस्त्याने गेलं तरी तू नाहीस. आई, तू गेलीस हे मला इथे येऊन कळलं.

कंपनी म्हणते, आणखी राहा. काल मी 'नाही' म्हणून कळवलं. ऑफिसात घरची अडचण सांगितली, बांनाही तेच सांगणार. हे पत्र काही कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुला खरं सांगतो. तिकडे गेलो की तू पुन्हा बडोद्याला असशील.